दोनशे एकतीस ओव्हर

माझी नात मोबाइलवर दोन बोटं फिरवते आणि जगातल्या कुठल्याही बॉलरचा कुठल्याही सीझनचा हिशेब काढून दाखवते. तिचं ऑफिस इथे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये बत्तिसाव्या मजल्यावर. मागच्या ईदला ती घरी आली तेव्हा मी तिला कपाटातलं माझं स्कोअरबुक दाखवलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं, आतल्या पानांवर पेनाची शाई फुटलेली. तिने चार पानं उलटली आणि म्हणाली, "बाबा, वन मॅन बोल्ड ऑल धिस? व्हेअर वेअर द अदर्स?"

मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. या वेळी विचारलं तिने आणि उत्तर मला देता आलं नाही. हाच प्रश्न साठीच्या दशकात एका इंग्रज साहेबाने विचारला होता, याच बुकावर बोट ठेवून. तेव्हाही मला उत्तर देता आलं नव्हतं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालो, मुंबईहून बोटीने दुबईला आलो आणि बर दुबईत देवळाच्या गल्लीजवळ एका कापडाच्या दुकानात लिहायला बसलो. मालाचं मोजमाप, आल्यागेल्याची नोंद. दुबई म्हणजे तेव्हा खाडी, खाडीच्या दोन काठांवरची वस्ती आणि पुढे नजर पोचेल तिथवर वाळू. पाणी गाढवावरून डब्यांत यायचं. आम्ही कोकणातली माणसं, रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरची, एकेका खोलीत आठ-आठ जण राहायचो. शुक्रवारी सुट्टी. आणि शुक्रवारी क्रिकेट.

आमची एक टीम होती. कॅप्टन म्हणजे आमच्या भागातले एक वयस्क गृहस्थ, पोट सुटलेले, आवाज मोठा, मनाने लोणी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मला बॅट धरता येत नव्हती, बॉल टाकता येत नव्हता आणि कॅच तर बॉलनेच मला सोडला असता. पण टीमबरोबर जायची हौस दांडगी. चाचांनी पहिल्याच शुक्रवारी मला वरखाली पाहिलं आणि हे हिरवं बुक हातात दिलं. "तू मॅट्रिक आहेस ना? मग तू लिही. खेळण्याचं काम आमच्यावर सोड."

मीही छाती पुढे काढून लिहायला बसलो. स्कोअर कसा लिहायचा हे मी कुणाकडून शिकलो नव्हतो, आणि विचारायला लाज वाटत होती. गावी ओहोटीला किनारा उघडा पडला की आम्ही झावळीच्या देठाची बॅट करून खेळायचो, तेवढंच माझं शिक्षण. गावचा नियम सोपा होता. ज्याच्या ओव्हरीत माणूस आउट, त्याची विकेट. बोल्ड असो, कॅच असो, पळताना गडबडलेला असो. बॉलर राबतोय ना, मग मान त्याचा. हा नियम मी सुक्या बोंबलांच्या पुडीसारखा गावाहून सोबत आणला होता, आणि जगभर हाच चालतो अशी माझी पक्की समजूत होती.

आता ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो माणूस. कोकणातल्या आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. धक्क्यावर हमाली करायचा. मोठी जहाजं लांब समुद्रात थांबायची, माल छोट्या बोटींतून खाडीत यायचा, आणि तांदळाची, साखरेची, सिमेंटची पोती हे लोक पाठीवर घेऊन फळीवरून उतरवायचे. आठवड्याचे सहा दिवस हे काम. सातव्या दिवशी बॉलिंग. लिहिता-वाचता येत नव्हतं. मला मास्तर म्हणायचा, थट्टेने, पण त्यात कुठेतरी खरा मानही असायचा.

ग्राउंड म्हणजे वस्तीमागची खारट, टणक जमीन. चाचांनी गावाकडून लाँचवरून काथ्याचं मॅटिंग मागवलं होतं. ते पसरून खिळ्यांनी ठोकायचं, बाउंड्रीला तेलाचे रिकामे पिंप. सकाळी फजरची नमाज झाली की निघायचं, ऊन चढायच्या आत एक डाव संपवायचा, जुम्म्याच्या नमाजेला मशिदीत, आणि तिथून परत येऊन दुसरा डाव. पहिल्या मॅचला चाचांनी भाईच्या हातात बॉल दिला आणि म्हणाले, "एका बाजूने तू. दुसऱ्या बाजूने कोण ते बघू." त्या दिवशी हे सहज बोललेलं वाक्य पुढे कायदा झालं. सबंध सीझन एका बाजूने भाईच. दुसऱ्या बाजूने कधी दर्जी, कधी ड्रायव्हर, कधी ज्याची बॅटिंग फसली म्हणून तोंड पाडून बसलाय तो.

धाव फार लांब नव्हती. सहा पावलं, आणि पोतं खाली टाकताना कमरेला जसा झटका देतात तसा झटका. बॉल मॅटिंगवर पडून आत वळायचा. बँकांचे, विमान कंपन्यांचे, गोऱ्यागोमट्या साहेबांचे स्टंप उडायचे. आमचे फील्डर मात्र कॅच सोडण्यात वाकबगार. कॅच सुटला की उन्हाला नावं, वाळूला नावं, नाचता येईना अंगण वाकडं. मी बाहेरून कचाकचा शिव्या द्यायचो. भाई फक्त बॉल परत मागायचा, सहा पावलं मागे जायचा.

त्या वर्षी रमजान थंडीत आला. तोंडाला पाणी न लावता त्याने तीन शुक्रवार बॉलिंग टाकली. एका मॅचला त्याच्या ओठांवर मीठ दिसत होतं. चाचा म्हणाले, "यल्ला, आज जरा दुसऱ्याला देऊ." हा म्हणाला, "दुसरा कोण आहे?" चाचांनी आजूबाजूला पाहिलं आणि बॉल परत त्याच्याच हातात ठेवला. मी सावलीत बसून लिहीत होतो. आज लिहिताना मला माझाच राग येतो. ओव्हरी मोजणारा मी एकटा होतो.

मॅच संपली की तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसायचा. "मास्तर, आज किती?" मी ऐटीत वाचून दाखवायचो. अमुक बोल्ड, तमुक कॅच, अमुक रनआउट. तो मान हलवत ऐकायचा. रनआउट आला की खाली वाकून चपलेतली वाळू झटकायचा. मला वाटायचं, वाळू त्याला फार टोचते.

सीझनच्या शेवटाला आमच्या खोलीत एकच विषय होता. खाडीपलीकडे देऱ्यात एक इंग्रजी कंपनी होती. तिचा साहेब क्रिकेटचा वेडा, स्वतः एके काळी बॉलर होता. दर वर्षी एखादा चांगला खेळाडू हेरून तो त्याला कंपनीत पर्मनंट घ्यायचा. स्टोअरमध्ये काम, राहायला खोली, दुखलं-खुपलं तर डॉक्टर. भाईचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. निरोप आला, आखरी मॅच झाली की शनिवारी सकाळी बॉलरला पाठवा आणि सोबत बुक पाठवा.

भाईने धक्क्यावर सिमेंटच्या गोणीला टेकून मला एकच गोष्ट सांगितली. "मास्तर, मला नाव नको, फोटो नको. मला पोतं खाली ठेवायचंय." हमालाची पाठ चाळिशीपर्यंत पुरते असं धक्क्यावर म्हणायचे, आणि तो चौतीस वर्षांचा होता.

मी रात्रंदिवस आकडे मोजत बसलो. तेरा मॅचेस, पंच्याऐंशी विकेटी. पंच्याऐंशी! गल्लीतल्या प्रत्येकाला मी सांगत सुटलो. देवळाबाहेरच्या फुलवाल्यालासुद्धा सांगितलं, त्याला क्रिकेट कशाशी खातात हे ठाऊक नसताना.

आणि आखरी मॅचला समोरच्या टीमने आपला स्कोअरर आणला. चष्मेवाला, केरळचा, एका बँकेतला क्लार्क. वर्षभर मी एकटाच लिहायचो, समोरचे लोक फक्त टोटल विचारून जायचे. हा माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. दुपारी आमच्या भाईच्या ओव्हरीत चाचांनी मिडऑफवरून थेट स्टंप उडवला, रनआउट, आणि मी सवयीने विकेट भाईच्या नावावर टाकली. तो क्लार्क वाकून बघत राहिला. "ये क्या लिखा? रनआउट बॉलर को नहीं मिलता, भाईसाब."

"हमारे यहाँ मिलता है," मी म्हटलं.

"आपके यहाँ किधर? पूरी दुनिया में नहीं मिलता."

तो वाईट माणूस नव्हता. हसलासुद्धा नाही. पण माझ्या कानांतून वाफा निघाल्या. पुढची दोन पानं मी काय लिहिलं ते मला कळलं नाही. या चौदाव्या मॅचच्या सहा धरून टोटल एक्याण्णव झाली, पण त्यात रनआउट किती, ते मोजायची हिंमत त्या दिवशी झाली नाही. भाई नेहमीसारखा आला, "मास्तर, आज किती?" मी म्हटलं, उद्या सांगतो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसलो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, चाचांकडून मागून आणलेला, पोटावर ढगळ. केसांना तेल. बुक माझ्या मांडीवर. खाडी ओलांडायला पाच मिनिटं लागतात. अर्ध्यावर आलो तेव्हा मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही. गप्प राहिलं तर कुणाचं काय जात होतं? साहेबाला काय कळणार होतं? पण कळलं असतं तर खोटा ठरला असता भाई, मी नाही. बुक माझं, नाव त्याचं.

मी सगळं सांगितलं. गावचा नियम, तो क्लार्क, माझा अडाणीपणा. "भाई, चूक माझी आहे. एक्याण्णव नाहीत."

 अब्रा काठाला लागला, लोक उतरले, आम्हीही उतरलो. मग तो म्हणाला, "खोड."

धक्क्यावर तांदळाच्या पोत्यांवर बसून मी पेन काढलं. पानं उलटून रनआउट शोधायला लागलो, तर तो न बघता सांगायला लागला. दुसऱ्या मॅचला एक, दर्ज्याने फेकून स्टंप उडवलेला. चौथीला दोन, दोन्ही थर्डमॅनवरून. रमजानच्या पहिल्या शुक्रवारी एक. कालचा चाचांचा. मी पान काढायचो आणि तिथे तो असायचाच. एकूण तेरा. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला तेराच्या तेरा तोंडपाठ! मला त्याच्या स्मरणशक्तीचं भारी कौतुक वाटलं. मी प्रत्येकावर एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली आणि खाली नवी टोटल लिहिली. अठ्ठ्याहत्तर.

साहेब उंच, उन्हाने लाल झालेला. हिंदी बरी बोलायचा, हिंदुस्थानात राहून आलेला. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. भाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. साहेबाने बुक पहिल्या पानापासून वाचलं, घाई न करता. खोडलेल्या रेघांपाशी थांबला. "ये किसने काटा?" मी म्हटलं, मैंने, साहब, मुझे रूल मालूम नहीं था. त्याने मान हलवली आणि पुढे वाचत राहिला. अठ्ठ्याहत्तरचा आकडा त्याने पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचं बोट दुसऱ्याच रकान्यावरून खाली येत होतं. ओव्हरींच्या. त्यांची टोटल मी कधी केलीच नव्हती. त्याने कागद घेऊन केली.

"दो सौ इकतीस," तो म्हणाला. "एक आदमी? बाकी लोग क्या कर रहे थे?"

चाचा तिथे असते तर त्यांच्याकडे बघितलं असतं; मी भिंतीकडे बघितलं.

साहेब उठून भाईजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "राइट आर्म ऊपर करो."

भाईने हात वर नेला. खांद्याच्या बरोबरीत आला आणि तिथेच थांबला. त्याने दात आवळले, चाचांचा शर्ट काखेत ताणला गेला, पण हात पुढे जाईना. साहेबाने त्याचं मनगट हलकेच धरून वर करून पाहिलं आणि लगेच सोडलं.

त्या क्षणी मला जुम्म्याची रांग आठवली. नमाजेला मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभा असायचो. नमाज बांधताना दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे असतात. गेले कित्येक शुक्रवार त्याचा डावा हात कानाशी जायचा आणि उजवा छातीपासूनच परत फिरायचा. मी मनात म्हणायचो, दमलाय बिचारा. शेवटच्या चार मॅचेसमध्ये त्याचा बॉलिंगचा हातही खाली खाली यायला लागला होता, बॉल बाजूने सपकन यायचा, आणि आम्ही सगळे नाचत होतो की भाईने नवीन युक्ती काढली!

साहेब पुन्हा खुर्चीत बसला. म्हणाला, "तुम बहुत अच्छा बॉलर है. लेकिन ये कंधा खलास है. अगला सीझन नहीं डालेगा. स्टोअर में भी माल उठाना पड़ता है." त्याने आपल्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी लिहून भाईला दिली, फुकटात दाखवून घे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम किधर काम करता है? स्टोअर का बुक लिखेगा? मुझे ऐसा आदमी चाहिए जो अपना गलती खुद काटता है."

 ज्याची नोकरी मागायला आलो तो शेजारी बसलाय. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाईच्या डाव्या हाताने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांतून पाणी आलं. "हां बोल," तो म्हणाला. आणि साहेबाला, "ले लो साहब, ये हमारा मास्तर है. मॅट्रिक पास है."

परतताना अब्रात मी रडलो. तो म्हणाला, "गप. नवी नोकरी लागल्यावर रडतात का?"

त्या स्टोअरमध्ये मी एकतीस वर्षं काढली. दुबईतच मनखूलमध्ये घर केलं, बायकोला आणलं, मुलं शिकली, नात बत्तिसाव्या मजल्यावर जाऊन बसली. या घरातल्या प्रत्येक घासावर त्याच्या ओव्हरी आहेत. हे मी मुलांना सांगतो तेव्हा ती "येस बाबा" म्हणतात आणि जेवतात. हरकत नाही. घास गोड लागतोय, अल्लाचे शुक्र.

भाई पुढच्या सीझनला खेळला नाही. डाव्या खांद्यावर पोती घेऊन त्याने दोन वर्षं काढली आणि गावी परत गेला. तिथे खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायला लागला, इंजिनाची, वल्हं न मारता चालणारी. मी दर सुट्टीत त्याला भेटायचो. दर वेळी मनात एकच ओझं असायचं, आणि दर वेळी तो तरीतून फुकट फिरवून, सोलकढी पाजून मला परत पाठवायचा.

रिटायर झालो त्या वर्षी मी हे बुक घेऊन गेलो. तो पडवीत बसला होता, दाढी पांढरी झालेली. बुक त्याच्या हातात दिलं आणि जे इतकी वर्षं साठवलं होतं ते बोलून टाकलं. "भाई, तुझे उपकार फिटायचे नाहीत. त्या दिवशी खोड म्हणालास म्हणून मी माणूस राहिलो."

त्याने पानांवर हात फिरवला. खोडलेल्या एका रेघेवर त्याचं बोट थांबलं. "मास्तर, तू एवढा शिकलेला. तुला कधी वाटलं नाही, हे तेरा मला तोंडपाठ कसे होते?"

मी मानेने नाही म्हटलं.

"दुबईच्या आधी मी मुंबईत गोदीत होतो. तिथल्या टीममधून खेळायचो. रनआउट बॉलरचा नसतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू वाचून दाखवायचास आणि मी मनात मोजायचो. आज एक वाढला, आता पाच झाले, आता नऊ." तो चपलेकडे बघत बोलत होता. "चोराच्या मनात चांदणं. पण पोतं खाली ठेवायचं होतं रे. म्हणून गप्प बसलो. त्या दिवशी अब्रात तू बोलला नसतास ना, तर मी तसाच साहेबापुढे जाऊन बसलो असतो. तू माझे उपकार मानतोस, आणि मी प्रत्येक नमाजेला तुझ्यासाठी दुआ मागतो."

 मी त्याचा उजवा हात हातात घेतला. तो अजूनही खांद्याच्या वर जात नव्हता.

आतून त्याच्या बायकोने चहा झाल्याची हाक दिली. तो उठला नाही. बुक मिटून माझ्या मांडीवर ठेवत त्याने विचारलं, "आणि ओव्हर किती होत्या म्हणाला होता साहेब?"

"दोनशे एकतीस."

"त्यातली एखादी खोडायची राहिलीय का?"

"एकही नाही, भाई."

"मग चल," तो म्हणाला, "चहा घेऊ."